नऊ बटणांची खोळ

मोठ्या बाईंच्या घरातली बिघडलेली वस्तू दुरुस्तीला म्हणून कधी उंबऱ्याबाहेर गेली नाही. मिक्सर अडला, त्यांनी तो उलटा धरून थोपटला, चालू झाला. इस्त्री तापेना, तिची वायर त्यांनी स्वतः कापून पुन्हा जोडली. मुलगा कॉलेजात तिसऱ्यांदा नापास व्हायला निघाला होता, त्यालाही त्यांनीच मार्गावर आणलं. कसं, ते तो अजून कुणाला सांगत नाही. त्यांची स्वतःची शाळा चौथीत सुटली होती. "पाचवीत काय शिकवतात ते नंतर कळलं मला," त्या म्हणत. "काही अडलं नाही माझं त्याच्यावाचून."

अशा बाईंना न विचारता मुलाने कॉम्प्युटर मेकॅनिकला घरी बोलावलं, आणि तिथेच सगळं चुकलं.

कॉम्प्युटर सुनेचा. सूनबाई घरी बसून इमारतींचे नकाशे काढायची. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या नावावर काढले, आता पहिल्यांदा स्वतःच्या नावावर काम मिळत होतं. दातांच्या एका डॉक्टरीणबाईंना नवा दवाखाना बांधायचा होता. गुरुवारी अकरा वाजता सूनबाईने तो दवाखाना त्यांना पडद्यावर फिरवून दाखवायचा, आवडला तर काम हिचं, नाहीतर दुसरा माणूस तयारच होता. आणि कॉम्प्युटर तर तीन महिने असा चालत होता की एक भिंत काढायला सांगितली की सूनबाई भाजी चिरून यायची, तोवर विटा रचल्यासारखी ती भिंत हळूहळू उमटत असायची.

मेकॅनिक आला. डोक्यावर टक्कल, खिशाला चार स्क्रू-ड्रायव्हर. टेबलाखालच्या पेटीवरची खोळ त्याने काढून बाजूला टाकली, दहा मिनिटं टकटक केली आणि म्हणाला, "आत्ता तर बरं चाललंय. पण सात वर्षं झाली ना याला? म्हातारं झालंय. हळू चालणारच. बदलून टाका."

मोठ्या बाईंना तेव्हा एकोणसत्तरावं सरत होतं.

"म्हातारं झालं की हळू चालतं?" त्यांनी विचारलं.

"चालायचंच, बाई. वयाचा दोष."

"तुमचं वय काय?"

"बेचाळीस."

"मग चहा घ्यायला थांबू नका. दारापर्यंत पोचायला तुम्हालाही वेळ लागेल."

मेकॅनिक गेला. मोठ्या बाईंनी जमिनीवरची खोळ उचलली, झटकली आणि पेटीला पुन्हा घातली. या खोळीबद्दल सांगायला हवं. थंडीच्या सुरुवातीला त्यांनी ती स्वतः शिवली होती. पेटीत धूळ जाते असं सूनबाई एकदा म्हणाली होती, तेवढं पुरलं. कापडाच्या दुकानात त्यांनी सात तागे उलगडायला लावले, आठवा "हा जरा जाड दिसतो" म्हणून घेतला, आत बोटभर कापूस भरला, वर चौकटीची टीप मारली. पुढे नऊ बटणं. मागे तारांपुरती फट. आणि कॉम्प्युटर चालू करायचं बटण तेवढं बाहेर यावं म्हणून एक वेगळं काज, तेही हाताने केलेलं. म्हणजे खोळ काढायची कधी गरजच पडू नये. शेजारणीने हे काज पाहून तोंडात बोट घातलं होतं.

उरलेल्या कापडाची त्यांनी नवऱ्यासाठी बंडी शिवली. तेच कापड, तोच कापूस. आबा त्या दिवसापासून बंडीत होते. थंडी सरली होती, पण उन्हाळा कधी सुरू होतो ते त्या घरात मोठ्या बाई ठरवत.

"वयाचा दोष नाही," त्यांनी सुनेला सांगितलं. "त्याला धाक नाही कुणाचा. गुरुवारपर्यंत सरळ करते."

सोमवारी सकाळी त्या कामाला लागल्या. पेटी नीट पाहता यावी म्हणून खोळ उतरवली, रंगाच्या नव्या ब्रशने फटीफटींतली धूळ काढली आणि पेटीसमोर बसून तिला चार गोष्टी सुनावल्या. सूनबाईने नकाशा उघडला. भिंत चटकन उभी राहिली. दारं, खिडक्या, जिना, सगळं बोट लावायचा अवकाश.

"आई, तुम्ही काय केलंत नेमकं?"

"बोलले त्याच्याशी."

नऊ बटणं लावून त्या स्वयंपाकघरात गेल्या. दुपारी सूनबाईची हाक आली. पुन्हा गोगलगाय. मोठ्या बाई आल्या, खोळ उतरवली, डोळे वटारले. थोड्याच वेळात पेटी शहाणी झाली. मंगळवारी हेच. बुधवारी खोळीची एक शिवण उसवली होती म्हणून ती मांडीवर घेऊन त्या तिथेच टाके घालत बसल्या, तर अख्खा तास कॉम्प्युटर घोड्यासारखा पळाला. टाके संपले, खोळ घातली, त्या उठल्या, की झालंच सुरू रडगाणं.

"कळलं मला," मोठ्या बाईंनी निकाल दिला. "मी समोर असले की काम करतो. पाठ वळली की आळस. पोराचंही असंच होतं, यांचंही असंच आहे." 'हे' म्हणजे आबा, खिडकीजवळच्या खुर्चीत बंडी घालून बसले होते. "तीन महिने बघतेय. पाणी आणा म्हटलं की उठायलाच पंधरा मिनिटं."

बोलायलाही हल्ली आबांना वेळ लागे.

गुरुवार उजाडला. डॉक्टरीणबाईंना खोली दिसेल म्हणून मोठ्या बाईंनी ठेवणीतली साडी नेसली. खोळ आदल्या दिवशीच धुऊन, कडक इस्त्री करून ठेवली होती. ती पेटीला चढवली, नऊच्या नऊ बटणं लावली आणि आपली खुर्ची पेटीला खेटून मांडली. मुलाने आईच्या माघारी मेकॅनिकला फोन केला होता, तो "सहज आलो" म्हणत दाराशी उभा राहिला.

"या," मोठ्या बाई म्हणाल्या. "म्हातारं कसं पळतं ते बघून जा."

अकरा वाजता डॉक्टरीणबाई पडद्यावर आल्या. पहिली पाच मिनिटं छान गेली. सूनबाई दवाखान्याच्या दारातून आत शिरली, बाकांजवळून वळली, आणि तिथे दवाखाना थांबला. भिंतीचा अर्धा तुकडा हवेत राहिला. पेटीतून पिठाच्या गिरणीसारखा आवाज यायला लागला.

"दिसत नाहीये मला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पेशंटची खुर्ची कुठे आहे?"

"एक मिनिट, मॅडम." सूनबाईच्या कपाळावर घाम.

मोठ्या बाईंनी डोळे वटारले. काही नाही. दबक्या आवाजात दोन शब्द सुनावले. काही नाही. मग पेटीला अशी एक हाक दिली की कॉलेजातला मुलगा असता तर ताठ उभा राहिला असता. भिंत हवेतच.

"वय, बाई," दारातून मेकॅनिक म्हणाला.

"माझ्याकडे अकरा चाळीसला दुसरे येणार आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आपण नंतर कधी..."

तेव्हा खिडकीजवळून आवाज आला. "अगं, त्याला उकडतंय."

सगळ्यांनी आबांकडे पाहिलं.

"तुम्हाला काय कळतं हो कॉम्प्युटरमधलं?"

"कॉम्प्युटरमधलं नाही कळत," आबा सावकाश म्हणाले. "बंडीतलं कळतं."

मोठ्या बाईंनी पेटीवर हात ठेवला. खोळीवरूनही तवा लागावा तसं लागलं. त्यांनी सुनेकडे पाहिलं. सूनबाई ओठ चावत होती, डोळे भरून आले होते. नऊ बटणं एकेक काढत बसायला वेळ नव्हता. मोठ्या बाईंनी आपल्या हाताने केलेल्या काजात दोन बोटं घातली आणि खोळ वरपासून खालपर्यंत टर्रकन फाडली. बटणं टपाटप उडाली, एक मेकॅनिकच्या पायाशी गेलं.

"थोडं निवायला हवं," मेकॅनिक खाली बसून पेटी चाचपत पुटपुटला. "तीन-चार मिनिटं द्या."

तीन-चार मिनिटं कोण देणार? पण आवाज तेवढा पलीकडे जात होता. मोठ्या बाई पडद्यापुढे सरकल्या.

"डॉक्टरीणबाई, मी हिची सासू. ही माझी मागची दाढ आहे ना, डावीकडची, गार पाणी लागलं की कळ जाते. आणि गरम लागलं तर उजवीकडची."

"किती दिवस?"

"सांगते. पहिल्यापासून सांगते."

त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. दुधाच्या दातांपासून. पाचव्या मिनिटाला सूनबाईने हळूच माउस हलवला आणि दवाखाना लोण्यासारखा फिरला. पेशंटची खुर्ची, हात धुवायची जागा, मागचं दार, सगळं. अकरा पस्तीसला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खुर्चीवर उजेड छान घेतलाय. तुम्हीच करा हे काम. आणि सासूबाईंना घेऊन या, उजवीकडची काढावी लागेल."

पडदा बंद झाला. सूनबाईने खुर्चीतूनच सासूला मिठी मारली. "सोड, साडी चुरगळेल," मोठ्या बाई म्हणाल्या, पण लगेच काही सोडवून घेतलं नाही.

मेकॅनिक फाटकी खोळ हातात घेऊन कापूस दाबून बघत होता. "वयाचा दोष नव्हता, बाई. हे मान्य."

"मी पहिल्या दिवसापासून तेच सांगतेय."

"मग दोष कुणाचा?"

मोठ्या बाईंनी पदर सारखा केला.

"कापडवाल्याचा," त्या म्हणाल्या. "मी पातळ मागितलं होतं."

सात तागे उलगडले तेव्हा आठवा काढायला सांगणारा आवाज ज्यांनी शेजारी उभं राहून ऐकला होता, त्या आबांकडे त्यांनी मान वळवून एकदा रोखून पाहिलं. पण खुर्ची रिकामी होती. खुर्चीच्या पाठीवर बंडी लटकत होती आणि आबा स्वयंपाकघरातून पाणी घेऊन परतही आले होते.