उदगीरकर काका नव्याने येतात

उदगीरकर काकांचा जन्म हैदराबादचा. शाळा, नोकरी, लग्न, निवृत्ती, सगळं इथंच. तरीही दर महिन्याला एकदा तरी ते हैदराबादेत नव्याने येतात. कधी लातूरहून, कधी सांगलीहून, एकदा तर थेट बेळगावहून आले होते. कधी एकटे येतात, कधी सोबत बायको आणि दोन शाळकरी मुलं असतात, आणि एकदा तर ते स्वतःच नवी नवरी होऊन आले.

हे सगळं येणं-जाणं नल्लकुंट्यातल्या त्यांच्या घरात, पंख्याखाली बसून, मोबाइलवर होतं. माझ्या वाट्याला मात्र ते पहिल्यांदा आले ते प्रत्यक्ष. अफझलगंजच्या बसथांब्यावर मी आईशी फोनवर बोलत उभी होते. फोन ठेवला, तसा कापडी पिशवी घेतलेला एक बावरलेला म्हातारा पुढे झाला.

"ताई, मराठी दिसता. मी आत्ताच उतरलोय गावाहून. नल्लकुंट्याला कोणती बस जाते?"

मला दया आली. मीही तिकडेच राहते, चला म्हटलं. बसमध्ये त्यांना जागा मिळवून दिली, वाटेत हे अमुक, ते तमुक अशी शहराची ओळख करून दिली. ते "अस्सं? अस्सं?" करत लहान मुलासारखे बाहेर बघत होते. नल्लकुंट्याला उतरल्यावर ते माझ्या मागून माझ्याच गल्लीत शिरले, माझ्याच बिल्डिंगसमोरच्या बैठ्या घरापाशी थांबले, खिशातून किल्ली काढली आणि फाटक उघडून आत गेले. आतून वळून म्हणाले, "पास. पण बरकतपुरा तुम्ही एक स्टॉप आधीच दाखवलात. शेरा मारावा लागेल."

मी त्या गल्लीत नुकतीच राहायला आले होते. या माणसाला हसावं की पोलिसात द्यावं, हे मला बराच वेळ ठरवता आलं नाही.

पुढे उलगडा झाला. काका एका बँकेत तपासनीस होते. अचानक एखाद्या शाखेत जायचं, तेही साहेब म्हणून नाही, तर चुरगळलेला शर्ट घालून खातं उघडायला आलेला अडाणी माणूस म्हणून, आणि काउंटरवरचा कारकून कसा बोलतो ते बघायचं, ही त्यांची पद्धत. "तपासणी सांगून करायची नसते हो. सांगून केली की सगळेच सज्जन असतात." निवृत्तीनंतर बँक सुटली, तपासणी सुटली नाही. रिक्षावाले, भाजीवाल्या, दवाखान्यातल्या खिडक्या, सगळ्यांची परीक्षा चालू राहिली. आणि मग त्यांना सापडलं 'मुशीकाठ'.

'मुशीकाठ' म्हणजे हैदराबाद-सिकंदराबादच्या मराठी मंडळींचं संकेतस्थळ. कुणीही प्रश्न विचारावा, कुणीही उत्तर द्यावं. बदलीवर, नोकरीला, लग्न होऊन इथे येणाऱ्या माणसाला आधार मिळावा हा मूळ हेतू. प्रत्यक्षात तिथे काही सापडेल तर शपथ. गॅस कनेक्शन कसं घ्यावं याची उत्तम माहिती 'संक्रांतीच्या हार्दिक शुभेच्छा' या चर्चेच्या धाग्यात शुभेच्छांच्या मधोमध दडली होती. मुलांच्या शाळांविषयीची सगळी चर्चा 'छत्री हरवली आहे' याखाली झाली होती. छत्री सापडली की नाही हे मात्र कुठेच नव्हतं.

आणि या सगळ्यावर पहारा होता पाठक वकिलांचा. बरकतपुऱ्यातलं जुनं वकिली घराणं, स्वतः आता कोर्टात जात नाहीत, त्यामुळे सगळी उलटतपासणी 'मुशीकाठ'वर. नव्या माणसाने भीतभीत काही विचारलं की खाली लगेच त्यांचं एक वाक्य पडायचं : 'यावर पूर्वीच चर्चा झाली आहे.' कुठे झाली, हे ते कधीच सांगत नसत.

"बघा," काका मला मोबाइल दाखवत म्हणाले. "गेल्या महिन्यात मी सांगलीहून आलो. पोहे कुठं मिळतात विचारलं. मला काय मिळालं? निकाल मिळाला. नवीन माणूस उगं परेशान. वॉचमन म्हणत होता, तुम्ही कंप्युटरमधल्या. हे नीट करून द्या."

त्यांचा आवाज असा, की माझी त्या कामावर आधीच नेमणूक झाली होती आणि मी उशिरा हजर झाले होते.

मी कामाला लागले. जुने धागे वाचले, उपयोगाचं वेगळं काढलं आणि 'नव्याने आलात?' असं एक पान तयार केलं. निवास, नागरी सुविधा, शिक्षण, आरोग्य, असे सुरेख मथळे. मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. काका तपासणीला आले. माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून त्यांनी डोळे मिटले.

"मी आत्ताच उतरलोय. हातात बॅग आहे, तिचं चाक तुटलंय, पोरगं रडतंय. आता दाखवा." डोळे उघडले. "हे काय? नागरी सुविधा?"

"पाणी, वीज, गॅस, सगळं त्यात आहे काका."

"ताई, पोरगं तहानलंय. त्याला नागरी सुविधा कशा पाजू?"

मी चिडले. पण रात्रभर ते काल्पनिक पोरगं माझ्या डोक्यात रडत राहिलं, आणि सकाळी मी सगळे मथळे पुसून टाकले. नवे लिहिले : 'उतरल्यावर लगेच', 'पहिल्या रात्री', 'घर मिळालं, आता पाणी', 'दुकानात काय म्हणून मागायचं'. हा शेवटचा मथळा काकांचा. त्यांचं म्हणणं असं, की माणसाला वस्तू सापडत नाही कारण तिचं इथलं नाव त्याला ठाऊक नसतं. "सांगलीचा माणूस सगळ्या बाजारात पोहे शोधतो, आणि अटुकुलूचं पोतं त्याच्या पायाशी उघडं असतं."

प्रत्येक मथळ्यासाठी एक नवा माणूस हैदराबादेत उतरायचा. यांतली सगळ्यांत गाजलेली परभणीची मंजिरी. नवी नवरी, सासूचा उपवास, दुकानदाराला साबुदाणा कळेना. काकांनी तिचं बोलणं इतकं मन लावून लिहिलं, की 'सग्गुबिय्यम म्हणून माग गं' असं सांगायला बायकांची झुंबड उडाली. मग तिला स्वयंपाकाचे सल्ले, मग सासूविरुद्ध सल्ले, आणि मग एक दिवस दोघीतिघींनी ठरवलं, नवी मुलगी आहे, घरी जाऊन तिची ओटी भरून येऊ. काका धापा टाकत माझ्याकडे आले.

"नारळ घेऊन निघतायत हो त्या, पत्ता मागतायत! ओटी कोण घेणार?"

"तुम्हीच घ्या. पदर कुणाचा तरी मागून आणू."

"ताई, हसू नका. विनोदाची वेळ नाही."

शेवटी त्यांनी मंजिरीच्या नवऱ्याची तडकाफडकी पुण्याला बदली केली. बायका हळहळल्या. एकीने अजून तिच्यासाठी मेतकुटाची डबी बाजूला ठेवली आहे असं ऐकते.

खरं सांगायचं तर पान त्यामुळेच सुधारलं. नवी माणसं खरोखर येऊ लागली, हवं ते त्यांना सापडू लागलं, आभार मानून आपापल्या कामाला जाऊ लागली. पाठक वकीलसुद्धा गप्प झाले, कारण आता त्यांच्या वाक्याखाली मी त्या चर्चेचा दुवा चिकटवून ठेवत असे. दसऱ्याच्या सुमारास काकांनी शेवटची तपासणी केली आणि म्हणाले, "पास. शेरा नाही." बिनशेऱ्याचा पास त्यांनी नोकरीतही कुणाला दिला नव्हता म्हणे. मी त्यांना आणि स्वतःला बासुंदी पाजली.

इथे काकांच्या घराविषयी सांगायला हवं. ते एकटेच राहतात. मूलबाळ नाही, आणि काकूंना जाऊन दुसरं वर्ष लागलं होतं. पण एकटे आहेत असं कधी वाटायचं नाही. सबंध शहरातून त्यांना फोन. कुणाला भटजी हवा, कुणाला डॉक्टर, कुणाला सिकंदराबादहून सुटणारी गाडी. इतकी माणसं असलेला माणूस सणावाराला चार घरी जेवत असणार, असं आम्ही सगळ्यांनीच मनाशी धरलं होतं.

दिवाळीच्या आधी 'मुशीकाठ'वर एक नवा प्रश्न आला. 'मी सदाशिव, लातूरकडचा. इथे एकटा असतो. पाडव्याला सकाळी एखाद्या मराठी घरी थोडा वेळ जाऊन बसावं असं वाटतं. अशी काही सोय आहे का?'

लातूर बघितल्यावर मी ओळखलंच. लगेच फोन लावला. "काका, पान पास झालंय ना? आता कसली तपासणी?"

"तपासणी नाही," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी पान उघडून पाहिलं. पाणी होतं, गॅस होता, पोहे होते. अशी सोय कुठेच नव्हती. काय उत्तर लिहावं याचा विचार करत होते, तेवढ्यात खाली पाठक वकिलांचं उत्तर आलं. 'पाडव्याला सकाळी आमच्याकडे फराळाला या. वाट पाहतो.' पुढे बरकतपुऱ्यातला पूर्ण पत्ता.

संध्याकाळी काका आले. खुर्चीत बसले, पाणी प्यायले, पण परीक्षेची ऐट नव्हती.

"वकिलांनी बोलावलंय सदाशिवला."

"मग त्याची बदली करून टाका," मी हसत म्हटलं. "मंजिरीच्या नवऱ्यासारखी. पुणं आहेच."

त्यांनी पाण्याचा पेला बाजूला सरकवला. मग म्हणाले, "नक्को. सदाशिवला जायचंय हो."

माझं हसू तिथंच थांबलं. मला फार वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. त्यांचा नाही, आम्हा सगळ्यांचा.

"मग जा ना काका. तुमच्या नावानं जा. ते काय ओळखत नाहीत का तुम्हाला?"

"उदगीरकरला कोण बोलावतंय? उदगीरकरला सगळं मालूम आहे, असंच धरून चालतात लोक." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "ताई, फराळाला जाताना काय न्यायचं असतं? ते सगळं ही बघायची. मी नुसता स्कूटर काढायचो. उस्मानिया बिस्किटं चालतील का?"

"दिवाळीत बिस्किटं नेतात का कुणी? फळं न्या."

"हौ. आणि किती वेळ बसायचं? ही उठली की मी उठायचो."

या प्रश्नांत परीक्षा नव्हती. त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "काका, त्यांनी थांबा म्हटलं की थांबायचं. उगीच घड्याळ बघायचं नाही."

पाडव्याला सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून, सफरचंदांची पिशवी घेऊन निघाले. मी गच्चीतून हात केला. नंतर घरच्या गडबडीत गुंतले. दुपारी जेवायला बसायच्या आधी समोर पाहिलं, तर फाटकाला कुलूप तसंच होतं. तेवढ्यात फोन वाजला. पाठक वकील. त्यांनी मला आजवर कधी फोन केला नव्हता.

"तुम्ही त्यांच्या समोरच राहता ना? आमच्याकडे ते..." वकिलांनी जिभेवरचं नाव गिळलं. "ते सदाशिव आलेत. आता जेवूनच जातील. गप्पांत वेळ कसा गेला कळलं नाही. म्हटलं, आणखी कुणी त्यांची वाट बघत असेल तर निरोप द्यावा."

"कुणी नाही हो," मी म्हटलं. "बसू द्या त्यांना."