दगाआप्पा चार्ज देतात

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आमचे शेजारी दगाआप्पा वारतात. सकाळी नऊला वारतात ते संध्याकाळी पाचला परत येतात. मधल्या वेळात टोपी घालून ओट्यावरच्या खुर्चीत बसलेले असतात, पण बोलत नाहीत. कुणी हाक मारलीच, तर शांतपणे आभाळाकडे बोट दाखवतात. शहाद्यातल्या आमच्या गल्लीला याची सवय झाली आहे.

आप्पा पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात स्टोअरकीपर होते. निवृत्त होताना नव्या माणसाला चार्ज द्यायला त्यांनी अख्खा महिना घेतला, एकेक नटबोल्ट दाखवून. घरी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की एक चार्ज राहिलाच. फंडाचे पैसे काही पोस्टात, काही बँकेत, काही दवाखान्यासाठी वेगळे, असं सगळं त्यांनी लावून ठेवलं होतं. प्रत्येक कागदावर वारस म्हणून बायकोचं, सुपडाबाईंचं नाव. आम्ही त्यांना जिजी म्हणतो. या जिजी उभ्या जन्मात बँकेची पायरी चढल्या नव्हत्या.

"वारसले स्लिप भरता येस नही, मंग वारस लावीसन काय फायदा?" आप्पा मला म्हणाले. "चार्ज देवाले पाहिजे, मास्तर."

म्हणून हे मरण. आप्पा वारले, की जिजींनी पासबुकं शोधायची, बँकेत जायचं, गॅसचा नंबर लावायचा, लाइटबिल भरायचं. आप्पांना काही विचारायचं नाही. पहिल्या मंगळवारी जिजी कपाटाची किल्ली विचारायला चारदा ओट्यावर आल्या, आप्पांनी चारदा बोट वर केलं. "मरी गयात तरी तऱ्हा गयी नही," जिजी म्हणाल्या. मयताला हसू आवरेना.

एका मंगळवारी रनाळ्याहून आप्पांच्या बहिणीचा फोन आला. जिजी नियमाला पक्क्या. म्हणाल्या, "त्या नही शेतस." आता आमच्या अहिराणीत याचा अर्थ ते घरी नाहीत असाही होतो आणि या जगात नाहीत असाही. बहिणीने घाबरून, कधीपासून म्हणून विचारलं, "कधळपाइन?" जिजींनी खरं तेच सांगितलं, "नऊ वाजापाइन."

दुपारी गाडी भरून माणसं आली. बाया गल्लीच्या तोंडापासूनच रडत होत्या. आप्पा खुर्चीत. बहिणीने त्यांना पाहिलं आणि ती आणखीच रडायला लागली, पण आता रागाने. पाच वाजायला अजून वेळ होता, त्यामुळे आप्पांनी तिलाही बोट दाखवलं. पाचला आलेल्या सगळ्यांना म्हणाले, "उनात तं जेवन करीसन जा."

वर्षभरात जिजी तरबेज झाल्या. आता त्या ठेवीचं व्याज मॅनेजरला तोंडावर विचारतात. आप्पा एकदम खूश होते. मागच्या महिन्यात ते टोपी घालून ओट्यावर आले, तर खुर्चीत जिजी.

"आज मन्ही पाळी," म्हणाल्या आणि बोट वर केलं.

मी आमच्या दारातून मजा बघत होतो. आप्पांना चहाचा डबा सापडेना. मग मीठ सापडेना. माझी बायको मदतीला निघाली, तर आप्पांनीच हात जोडले, "नियम शे, बाई." दुपारी करपल्याचा वास आला आणि त्यानंतर घर गप्प झालं.

पाचाच्या सुमारास मला राहवेना, मी आत गेलो. आप्पा स्वयंपाकघरात खाली बसले होते. समोर खिचडीची दोन ताटं वाढलेली, दोन्ही गार.

"मन्हा मांगे काय करानं, ते सगळं लिखी ठेयेल शे, मास्तर," ते म्हणाले. "हाई काही लिखेल नही."

मी त्यांच्याजवळ खाली बसलो.

पाच वाजले. जिजी आत आल्या, ताटं बघून थबकल्या. "जेवनात नही?"

"तुन्ही वाट देखी ऱ्हायनू."

सवाष्ण जावं, एवढंच मागणं जिजी दर वटपौर्णिमेला वडापाशी मागत आल्या होत्या. त्यांनी दोन्ही ताटं पातेल्यात परत ओतली, गॅस लावला आणि आप्पांकडे न बघता म्हणाल्या, "तुम्हना पहिले मी काही जावाव नही."