उभा राहील त्याचं काम

दंतवैद्याचं देवाशी भांडण असं कधीच नव्हतं. भांडायला आधी ओळख लागते. तरीही सुट्टीच्या दिवशी सकाळी सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून प्रार्थनागृहाच्या शेवटच्या बाकावर बसला होता. शेजारचे आजोबा बिनघोर घोरत होते आणि याला मात्र घाम फुटला होता.

कारण अगदी घरगुती होतं. त्याला बेकरीवाल्याशी लग्न करायचं होतं, आणि बेकरीवालाही एका पायावर तयार होता. पुरुषाने पुरुषाशी आणि बाईने बाईशी लग्न केलेलं कायद्याला चालावं का, यावर लवकरच देशभर मतदान होणार होतं. पण यांचं घोडं अडलं होतं ते बेकरीवाल्याच्या आईपाशी. "आमचं प्रार्थनागृह हो म्हणेपर्यंत मी त्या लग्नात पाऊल ठेवणार नाही," असं तिने जाहीर केलं होतं. "आई नसेल तर मीही नाही," असं बेकरीवाला म्हणाला होता. आता नवरदेवच आला नाही तर लग्न कसलं?

दंतवैद्य अशा लग्नांच्या बाजूने प्रचार करणाऱ्या मोहिमेत होता, आणि तिच्या कचेरीतही धार्मिक मंडळींना सोबत घेण्याचं वारं सुटलं होतंच. "तूच जा," मोहीमप्रमुख बाई म्हणाल्या. "लोकांना तोंड उघडायला लावायची तुला सवय आहे."

"पण माझ्यापुढे तोंड उघडल्यावर त्यांना बोलता येत नाही."

"उत्तमच की! तू बोल."

प्रार्थना संपली. धर्मगुरूंनी सभागृहावर नजर फिरवत विचारलं, "आहे का कुणी?" दंतवैद्य ताडकन उभा राहिला. तो घसा खाकरतोय तोवर टाळ्यांचा कडकडाट झाला. "देव तुमचं भलं करो!" धर्मगुरू म्हणाले, आणि एका बाईंनी त्याच्या गळ्यात ॲप्रन अडकवला. भाषण खिशातच राहिलं. जेवायची वेळ टळून गेली तरी तो समस्त भाविकांचे चहाचे कप विसळत होता.

पुढच्या खेपेला तो पुन्हा उभा राहिला आणि समूहगायनात भरती झाला. त्याच्या सुरामुळे मागच्या बाकावरच्या आजोबांची झोप कायमची उडाली. त्याच्या पुढच्या खेपेला छपरावरची पाण्याची टाकी त्याच्या वाट्याला आली.

हे ऐकून बेकरीवाला पीठ उडेपर्यंत हसला. "अरे वेड्या, आमच्याकडे उभा राहील त्याचं काम! उभं राहिलं की काम अंगावर पडतं."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"तू विचारलंस कुठे? 'मी समजावतो त्यांना,' म्हणून तरातरा निघालास."

"मग तिथे बोलायचं तरी कसं?"

"राबणाऱ्यालाच बोलायला मिळतं. राबत राहा. आई बघतेय."

आई बघत होती खरी. टाकीतून गाळाने माखून वर आलेल्या दंतवैद्याला ती म्हणाली, "कोपरे राहिलेत." आजवर तिने त्याच्याशी थेट बोललेलं हे पहिलंच वाक्य. त्याला इतका आनंद झाला, की तो पुन्हा टाकीत उतरला.

इकडे कचेरीत कुजबुज सुरू झाली. गेला होता त्यांना वळवायला, आणि आता जिना चढताना प्रार्थना गुणगुणतो! दवाखान्यात तर दाढ काढण्याआधी त्याच्या तोंडून सहज "देव भलं करो" निघून गेलं, आणि रुग्ण खुर्चीतून उठून तडक घरी गेला.

शेवटी त्याला बोलायची पाळी मिळाली, तर त्याच्याआधी खजिनदारांनीच तोंड उघडलं, तेही बसल्या बसल्या. "हे लग्नाचं थोतांड थांबलंच पाहिजे! सभा घ्या, मोर्चे काढा, घरोघर जा! धर्म बुडतोय!"

माना डोलल्या. "अगदी बरोबर!" असेही आवाज आले. इथे एकदा विरोध ठरला, की आईचं दार कायमचं बंद.

"बरं," धर्मगुरू म्हणाले. "मग विरोधाचं काम कोण अंगावर घेतंय? उभं राहा."

इतकी शांतता तिथे प्रार्थनेच्या वेळीही नसे. कुणी छताकडे पाहू लागलं, कुणी नखं तपासू लागलं. सगळ्यांच्या नजरा खजिनदारांकडे वळल्या.

"माझे गुडघे..." खजिनदार पुटपुटले.

"राहिलं तर मग. धर्म बघून घेईल स्वतःचं. पाठिंब्याचं काम कोण घेतंय?"

दंतवैद्य उभा राहिला. घोटून घोटून पाठ केलेलं भाषण ऐन वेळी पार विसरलं. "मला त्याच्यासोबत म्हातारं व्हायचंय," एवढंच तो म्हणाला. "आणि लग्नात काकू हव्यात."

टाळी पडली नाही. धर्मगुरूंनी चष्मा पुसला. "घरोघर एकट्याने जायचं नसतं आपल्याकडे. जोडीला कोण?"

पुढचा बाक करकरला. बेकरीवाल्याची आई पदर खोचत उठली. "मी जाते. हा एकटा गेला तर लोकांच्या दारात भाषणं ठोकत बसेल."

झालं! काम करायला माणसं उभी राहिली, म्हणजे प्रार्थनागृहाचा पाठिंबा ठरला. खजिनदारांनी निषेध नोंदवला, बसूनच.

त्याच दिवशी दोघं पहिल्या दारी गेली. दार उघडलं ते आईच्या जुन्या मैत्रिणीने. "ये गं ये! आणि हे कोण?"

आईच्या तोंडी दंतवैद्य आजवर 'तो दातवाला' होता, फार तर 'तो माणूस'. तिने त्याच्याकडे एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"हा? हा माझा जावई."

"अगं पण, तुला मुलगी कुठेय?"

"मुलगी नाही, म्हणून मी काय जन्मभर जावयावाचून राहू?" ती म्हणाली, आणि त्याच्या दंडाला धरून आत शिरली.