पहिल्या फळीची बदली

वाचनालयाच्या कमानीतल्या पहिल्या फळीनं पती-पत्नी एकत्रीकरणाखाली बदली मागितली. जोडीदार म्हणून तिनं त्याच कमानीतल्या शेवटच्या फळीचं नाव दिलं. फळ्यांना लिहिता येत नाही, त्यामुळं विनंती तोंडी झाली आणि सचिव सुलभाताई घोरपडे यांनी ती खुर्ची बाहेर आणवून, रीतसर बसून ऐकली. दोघींत नवरा कोण, हे त्यांनी विचारलं नाही. नियमात तशी अट नाही.

कमान माझी. म्हणजे संगणकावर मी बेतलेली आणि रफिक मुजावरनं त्याच्या यंत्रावर प्लायवूडमधून कापलेली. आवारात मुलांना वाचत बसायला सावली हवी होती. प्रत्येक फळीच्या दोन्ही कडांना दाते, एकीचे दाते दुसरीच्या खाचांत. खिळा नाही की सरस नाही. संगणकात वाकाचा आकडा बदलला, की सगळ्या फळ्यांचे दाते आपापला कोन बदलून घेतात, इतकी ती रचना समजूतदार. फक्त टोकाच्या फळ्यांना जमिनीकडच्या कडेला दाते नकोत, हे तिला सांगायचं मी विसरलो. त्यात रफिक पडला काटकसरी. त्यानं त्या दोन कडा एकाच शीटवर शेजारी मांडल्या आणि मधून एकच काप घेतला. एकीचे दाते दुसरीच्या खाचांतूनच जन्मले म्हणायचे. नंतर एक फळी पूर्वेला उभी राहिली, दुसरी पश्चिमेला, आणि त्या कडा तशाच रिकाम्या राहिल्या.

"बदली देता येईल का?" सुलभाताईंनी मला बोलावून विचारलं.

"फळी हलवता येत नाही, तिचं दुसऱ्या कुणाशी जमत नाही. पण वाक वाढवून बाकीचे दाते पुन्हा कापले, तर कमान वळत वळत पूर्ण चाक होईल. टोकं आपोआप शेजारी येतील. उंची तेवढीच राहते, रुंदी निम्मी होते."

"चाक म्हटलं की गडगडणार."

"पाचर ठोकू."

"आवाराबाहेर गेली तर जबाबदारी तुमची."

"माझी," मी म्हणालो.

इतक्या पटकन हो म्हणायला कारण होतं. उषा, माझी बायको, जतला शिक्षिका होती आणि मी शिराळ्याला बांधकाम विभागात आरेखक. जिल्ह्याची दोन टोकं. शनिवारी ती शेवटच्या एसटीनं यायची, पिशवीत डाळिंबं आणि तपासायच्या वह्या. मी स्टँडवर आधीच जाऊन उभा असायचो, उगाच चौकशीच्या खिडकीशी गप्पा मारत. रविवारी जेवणं झाली, की ती घड्याळाकडं बघायची आणि मी तिच्याकडं. एकत्रीकरणाचा अर्ज दरवर्षी व्हायचा आणि दरवर्षी जागा रिक्त नसायची. ऑर्डर आली तेव्हा आमच्या मुलीचं लग्नही होऊन गेलं होतं. आता आम्ही दोघंही निवृत्त.

रफिकनं फळ्या उतरवल्या, दाते नव्यानं कापले आणि चाक बांधत आणलं. शेवटचा सांधा तेवढा राहिला होता. उषा आमच्यासाठी चहा घेऊन आली होती. तेवढ्यात पहिल्या फळीनं मला विचारलं, "एकत्र आल्यावर कसं असतं?"

उषाच म्हणाली, "आधी अवघडल्यासारखं होतं बाई. यांना पंखा लागतो, मला सोसत नाही. आणि सगळं शनिवारसाठी साठवायची सवय, त्यामुळं मंगळवारी काय बोलायचं तेच कळत नाही."

"मग?"

"मग साठवायचं बंद होतं."

"आणि कुठं कुठं गेलात?" शेवटच्या फळीनं विचारलं. "दोघं मिळून?"

उषानं माझ्याकडं पाहिलं. "दवाखान्यात," ती म्हणाली. "आणि मुलीच्या सासरी."

रफिकनं लाकडी हातोड्यानं दोन ठोके दिले आणि दाते खाचांत बसले. जिथून निघाले होते तिथंच बसले, त्यामुळं रंधा फिरवावा लागला नाही.

"सायेब, पाचर ठोकू न्हवं?" रफिकनं विचारलं.

"राहू दे."

"अवो, जाईल की ती! उताराला हाय. घोरपडेबाई बोंब मारतील."

"मारू देत," मी म्हणालो. शब्द दिलेला होता, हे मला चांगलं आठवत होतं.

सकाळी आवार मोकळं होतं. फाटकातून एक रुंद चाकोरी भुईमुगाच्या कडेकडेनं उतारानं खाली गेली होती. सुलभाताई कंबरेवर हात ठेवून तिच्याकडं बघत उभ्या होत्या.

"कार्यमुक्त, अशीच नोंद लावते," त्या शेवटी म्हणाल्या. "पण मुलं उन्हात बसणार नाहीत. नवी कमान स्वखर्चानं द्यायची. आणि टोकांना दाते ठेवायचे नाहीत."

मी मान हलवली. घरी गेलो तर उषानं पिशवी भरून ठेवलेली, पायात चपला.

"कुठं?"

"ती कुठं गेली बघू तरी. चला."

"अगं, पण परत कधी?"

"मला काय विचारता? आता कुठं हजेरी लावायची आहे?"

आम्ही चाकोरी धरून वारणेपर्यंत गेलो. वाटेत तिनं पिशवीचा एक बंद माझ्याकडं दिला आणि दुसरा स्वतःकडं ठेवला. नदीच्या काठी एक म्हातारबाबा म्हशी धूत होते. काही विचारायच्या आत त्यांनी हात करून पलीकडचा रस्ता दाखवला.

"आत्ताच गेली दोघं," ते म्हणाले. "तुमच्यातलीच का?"

"आमच्यातलीच," उषा म्हणाली आणि चपला हातात घेऊन पाण्यात उतरली.