तांबड्या सेडानची स्वारी फाटकाबाहेर पडली त्याची हकीकत

घरच्या धनीण बाईसाहेब यांचे हुकुमावरून ही हकीकत लिहिली. कारण की बाईसाहेबांचे यजमान रावसाहेब चार माणसांत बसले म्हणजे सदर मोहीम आपले तोंडाने सांगतात, आणि दर खेपेस तीत त्यांचे शौर्य वाढते आणि इतरांची अक्कल घटते, सबब खरे काय घडले ते एकदा कागदावर बसवावे, ऐसी आज्ञा जाहली. लिहिणारास कोणाची भीड नाही. मीठ मात्र बाईसाहेबांचे स्वयंपाकघरातले खाल्ले आहे, इतके वाचणाराने ध्यानी ठेवावे.

रावसाहेब म्हणजे पाणीपुरवठा कचेरीतील मीटरखात्याचे हेडक्लार्क. दौलत तिसऱ्या मजल्यावरील तीन खोल्यांची. पदरी एक कन्या इयत्ता आठवीतील, एक सासूबाई गुडघ्यांनी जेर केलेल्या, आणि एक स्कूटर. बाईसाहेब प्रयोगशाळेत रक्त तपासण्याचे कामी रुजू, आणि सकाळी दोघांची वाट एक, म्हणोन पंधरा वर्षे राव पुढे आणि बाईसाहेब मागे ऐसा दस्तूर चालला. बाईसाहेब मागून बोलत आणि राव पुढून “हो हो” म्हणत. मस्तकी शिरस्त्राण, कानी वारा, शेजारी ट्रकांचे भोंगे, तेणेकरून रावांस एक अक्षर ऐकू येत नसे, परंतु गाडी थांबवून “काय म्हणालीस?” ऐसे विचारण्यापेक्षा हो म्हणून मोकळे व्हावे, हे राजकारण त्यांनी पत्करिले. या होकारांनी दौलतीत बहुत उलथापालथ जाहली. सासूबाई आठ दिवसांकरिता येऊन तीन वर्षे राहिल्या, तो होकार स्कूटरवरचाच. रावांस वर्तमान कळले ते दारात ट्रंक उतरली तेव्हा. आणि एक जुना होकार तर ऐसा, की बाईसाहेबांचे मनात कुसळासारखा रुतून बसला. त्याची हकीकत पुढे आपले जागी येईल.

मग रावांचे मनी मोटार घेण्याचे आले. लोकांस त्यांनी पिकअप, मायलेज, सेफ्टी ऐसी कारणे सांगितली. परंतु आम्ही सर्व जाणतो, आम्हांपासून काय लपणार? खरी लालसा एकच, की पंधरा वर्षे पाठीमागे बसलेली बायको एकदा शेजारी बसावी, आणि ती एवढे काय बोलत असते ते कानांनी ऐकावे. हे तोंडाने सांगावयास रावांची जीभ रेटेना. इंजिनाचे सीसी मात्र धडाधड सांगत.

बाईसाहेबांनी एके सकाळी स्कूटरवरून तीन कलमे फर्माविली, की गाडी उंच असावी, कारण आईचे गुडघे. रंग साधा असावा. आणि घेण्याआधी मला दाखवावी. रावांनी तिन्ही कलमांस तीन वेळा “हो हो हो” म्हणून मान्यता दिली. मग एकटेच एका दंतवैद्याचे घरी गेले आणि चौदा वर्षे जुनी, तांबडी, बुटकी सेडान पसंत करून बसले.

गाडीचे वर्णन करावे तितके थोडे. बॉनेट उन्हाने गाजरी जाहलेले. मागे धुराच्या दोन नळ्या, पैकी एकीतून धूर निघे आणि दुसरी मानाची. डिकीवर पंख, त्याचा उपयोग धूळ बसावयास. दंतवैद्य दात उपटण्यात हलक्या हाताचा, त्याने रावांस प्रथम चहा पाजून बधिर केले आणि मग म्हणाला, “चार दारं आहेत म्हणजे फॅमिली कार, आणि मागे पंख आहे म्हणजे स्पोर्ट्स कार. एका गाडीत दोन गाड्या घेताय तुम्ही! आणि वापर काय, दवाखाना ते घर.” काट्यावर किलोमीटर एक लाख बेचाळीस हजार. दवाखाना आणि घर यांचे दरम्यान एवढा कोणता मुलूख पसरला होता, ते विचारण्याची बुद्धी रावांस जाहली नाही.

मग खासा स्वारी वाजतगाजत बिल्डिंगचे फाटकाशी दाखल जाहली, आणि तेथेच पहिला घात. फाटकापुढे एक गतिरोधक आहे. गतिरोधक कसला, रस्त्याचे कपाळी आलेले टेंगूळच. दोन वर्षांमागे बेफाम मोटारवाल्यांस चाप बसावा म्हणोन रहिवाशांनी अर्ज करून तो मुद्दाम उंच बांधविला, आणि त्या अर्जावर पहिली सही कोणाची? खुद्द रावसाहेबांची. तेव्हा स्कूटर होती. आता गाडीचे पोट त्या टेंगळावर टेकले आणि ऐसा खर्रर्र आवाज उठला, की तिन्ही मजल्यांचे खिडक्यांत मुंडकी उगवली. सासूबाई गॅलरीतून वाकून म्हणाल्या, “गाडी कुठंय? मला नुसता पंखच दिसतोय.” साडूभाऊ त्या दिवशी आपल्या उंच, पांढऱ्या, नव्याकोऱ्या वाहनातून योगायोगाने आले होते (ऐसे योगायोग साडूंस बरे साधतात), ते बोलले, “भाऊ, ही गाडी घेतलीत की सतरंजी?”

बाईसाहेब जिना उतरून आल्या. गाडीभोवती एक फेरी मारिली.

“मी उंच गाडी सांगितली होती.”

“मला ऐकू नाही आलं.”

“मग हो का म्हणालात?”

राव टायरास पाय लावून हवा पाहू लागले. मग बाईसाहेबांनी सर्वांदेखत हुकूम जाहीर केला, की घरची चारही माणसे आत बसलेली असता, कोणी खाली न उतरता आणि पोट न घासता ही गाडी जोवर हे टेंगूळ ओलांडणार नाही, तोवर आम्ही तीत पाऊल ठेवणार नाही. आणि त्या बसने कामास जाऊ लागल्या. स्कूटर तर आधीच विकून टाकलेली. रावांनी बायको शेजारी बसावी म्हणोन गाडी आणिली, ती मागे बसत होती तीही गेली. याला म्हणावे अक्कल!

येथून मोहिमेस आरंभ. पहिला हल्ला रावांनी वेगाचा केला. पन्नास पावलांवरून दौडत आले आणि टेंगळावर आदळले आणि पुढील बंपराचा डावा कोपरा धारातीर्थी पडला. मग मिस्त्रीस पाचारण केले. तो गाडीखाली शिरला, बाहेर फक्त दोन चपला राहिल्या, आणि खालूनच निवाडा आला, “साहेब, इंजिन एक नंबर आहे. बाकी सगळं बघावं लागेल.” त्याने स्प्रिंगांत रबर ठोकून गाडी बोटभर उचलली, परंतु टेंगूळ चार बोटे. मग ओझे कमी करण्याची मसलत निघाली. जादा चाक काढले, जॅक काढला, पायपुसणी काढली. स्वतः राव आठ दिवस रात्री नुसत्या ताकावर राहिले. तेणे गाडी तसूभर वर आली नाही, रावांचा मात्र स्वभाव चिडखोर जाहला.

शेवटी ऐसा बेत ठरला, की टेंगूळ आले म्हणजे लष्कराने पायउतार व्हावे, चालत पलीकडे जावे आणि तेथे पुन्हा स्वार व्हावे. कन्येस काही वाटेना, तिने उतरता उतरता पुस्तकाचे पानही मिटू नये. हाल सासूबाईंचे. त्या बुटक्या आसनातून त्यांस बाहेर काढावयास दोन माणसे लागत, आणि पहारेकरी शिट्टी वाजवून मागील वाहने रोखून धरी. “जावईबापू,” त्या एकदा फाटकात उभ्या राहून म्हणाल्या, “मला डॉक्टरकडे नेताय की डॉक्टरकडे न्यायची वेळ आणताय?”

आणि या सर्व धामधुमीत बाईसाहेब रोज सकाळी बसला जातेवेळी फाटकाशी थांबत, आणि रावांकडे पाहून हातवारे करून काही ओरडून सांगत. राव आत काचा चढवून बसलेले. एसी गार काही करीत नसे परंतु आवाज भरपूर करी, वर गाणी लाविलेली. बाईसाहेबांचे ओठ हलताना दिसत, आणि राव काचेआडून मान डोलवीत आणि म्हणत, “हो हो.” बाईसाहेब कपाळास हात लावून निघून जात. इकडे डावे आसन रिकामेच. राव दर सकाळी ते ओल्या फडक्याने पुशीत. कोणी बसले नाही त्या आसनावर कसली धूळ बसणार? तरी पुशीत.

ऐसा सव्वा महिना गेला. मग साडूभाऊंनी रविवारी सहकुटुंब जेवणाचे आमंत्रण दिले, आणि बाईसाहेबांनी कळविले, की तुम्ही या सतरंजीवरून या, मी बसने येते. रावांचे तोंड उतरले. त्यात निघतेवेळी उजवे दाराची काच खाली गेली ती खालीच राहिली. बटण दाबिले, दार थोपटिले, शिव्या दिल्या, काच काही वर येईना. सासूबाई आणि कन्या मागे बसल्या. गाडी फाटकाशी आली. टेंगूळ पुढे आ वासून. सासूबाईंनी निमूट दाराचे कडीस हात घातला.

इतक्यात उजवीकडून, फुटपाथावरून, महिन्यात प्रथमच बिनकाचेचा आवाज रावांचे कानी पडला.

“अहो, तिरकी घ्या! सरळ काय घालताय? तिरकी घ्या, एकेक चाक चढू द्या!”

राव थक्क. “काय म्हणालीस?”

“तिरकी घ्या म्हणाले! महिनाभर हेच सांगतेय मी, आणि तुम्ही आतून मुंडी हलवताय!”

रावांनी मुकाट सुकाणू फिरविले. आधी उजवे पुढील चाक चढले आणि उतरले, मग डावे, मग मागील दोन. गाडी म्हशीसारखी डुलली, परंतु पोट घासले नाही. खर्रर्र नाही, काही नाही. पहारेकऱ्याने शिट्टी वाजविण्यास तोंडी धरली ती तशीच राहिली. राव विजयोन्मादे तसेच पुढे दौडणार, तोच कन्येने पुस्तकातून डोके न काढता हुकुमातील कलमाची आठवण दिली, “बाबा, आई राहिली. चार माणसं म्हणाली होती ती.”

मग राव गाडी वळवून तिरकीच आत आले आणि डावे दार उघडून उभे राहिले. बाईसाहेबांनी एकवार बसथांब्याकडे पाहिले, आणि शब्द दिला तो पाळला पाहिजे, म्हणोन डावे आसनी स्थानापन्न जाहल्या. आता वजन पुरते. राव इंचाइंचाने पुढे सरकले. सासूबाईंनी दोन्ही पाय उचलून धरिले, जणू तेवढ्याने गाडी हलकी होणार. कन्येनेही पुस्तक मिटले. एक चाक, दुसरे, तिसरे, चौथे. गाडी पार जाहली. आणि तिन्ही मजल्यांचे खिडक्यांतून टाळ्या पडल्या.

एवढ्यावर बखर संपती तर बरे होते, परंतु रावांचा हाडीमाशी भिनलेला दस्तूर कोठे जाणार? गाडी मोठे रस्त्यास लागली, उघड्या खिडकीतून वारा भरारा आत आला, बाईसाहेब समोर पाहत हलक्या आवाजात काही बोलल्या, आणि राव म्हणाले, “हो हो.”

“थांबवा गाडी.”

हे मात्र ऐकू आले. राव कडेस थांबले आणि इंजिन बंद केले.

“मी काय म्हणाले?”

पंधरा वर्षांत जे धैर्य जाहले नाही ते रावांनी त्या कडेस दाखविले. म्हणाले, “नाही ऐकू आलं. कधीच येत नव्हतं.”

बाईसाहेब खाली उतरल्या. सासूबाईंस वाटले, गेली ही बसने. परंतु त्या गाडीस वळसा घालून उजवे अंगास आल्या, दाराचे फटीत बोटे घालून काच दोन तळव्यांत घट्ट पकडिली आणि आज्ञा केली, की तुम्ही बटण दाबा. राव बटण दाबीत, बाईसाहेब वर ओढीत, ऐसी कुमक एकमेकांस मिळोन काच कुरकुरत वर चढली आणि गच्च बसली. मग त्या परत आपले आसनी आल्या आणि दार लाविले. आत ऐसी शांतता जाहली, की सासूबाईंनी झोपेचे सोंग घेतले.

“पोर दोन वर्षांची होती,” बाईसाहेब म्हणाल्या, “मी रात्रंदिवस चिडचिड करायचे. एकदा स्कूटरवर तुम्हाला विचारलं, तुम्हाला माझा कंटाळा आलाय का? तुम्ही हो हो म्हणालात.”

राव हातातील सुकाणूकडे पाहत राहिले.

“मला माहीत होतं, तुम्हाला ऐकू आलं नसणार. तरी अकरा वर्षं पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. आत्ता तेच विचारलं, आणि तुम्ही पुन्हा…” मग आवाज सावरून बोलल्या, “आता काच वर आहे. आलाय का कंटाळा?”

“नाही गं,” राव म्हणाले. “तू काय बोलतेस ते ऐकायलाच तर गाडी घेतली.”

बाईसाहेबांनी आसनाखालील खटका ओढिला, आसन आपले बेताने पुढे घेतले, आणि पट्टा लाविला. इतक्यात मागून, डोळे मिटलेल्या सासूबाईंचा आवाज आला, “जावईबापू, मग माझ्या राहण्याला हो म्हणालात, तेही न ऐकताच ना?”

काच वर, इंजिन बंद, पळावयास वाट नाही. रावांनी आरशात मागे पाहिले, आणि म्हणाले, “हो. पण राहा तुम्ही. हे ऐकून म्हणतोय.”

येणेप्रमाणे टेंगूळ सर जाहले, डावे आसन काबीज जाहले, आणि साडूभाऊंचे घरी स्वारी पाऊण तास उशिरा पोहोचून अन्न गार खाल्ले. काच दुसरे दिवशी मिस्त्रीने पाचर ठोकून कायमची वर बसविली. बाईसाहेबांनी ती दुरुस्त करू दिली नाही. ही हकीकत सहीकरिता रावसाहेबांपुढे ठेविली असता त्यांनी ती न वाचता सही केली नाही, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचली, ही गोष्ट या दौलतीत नवी. मग हरकत घेतली, की बाकी सर्व बरोबर आहे, परंतु गाडी तिरकी घेण्याची कल्पना मूळची आमची. हरकत बाईसाहेबांनी ऐकून नामंजूर केली.