पाठीवरची चेन

मला आता कुणाचीही गरज नाही, हे मी गेल्या हिवाळ्यात सिद्ध केलं. तेही जेवणाच्या खोलीत, भिंतीतल्या एका हुकाच्या जोरावर.

आमचं ग्रुंडलझे सरोवर म्हणजे ऐन उन्हाळ्यातही नुकताच वितळलेला बर्फ. त्यात बुडी मारायची तर अंगात पाणी आत न शिरू देणारा रबरी कोरडा सूट हवा, आणि त्याची चेन असते पाठीवर, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. स्वतःचा हात तिथे पोचत नाही. माझी चेन ट्राउडे लावायची. बायको होती माझी. ती गेली त्याला दोन हिवाळे झाले. तेव्हापासून क्लबचा प्रमुख वोल्फ्राम मला काठावर सूप ढवळायला बसवतो. जोडीदाराशिवाय पाण्यात जायचं नाही हा नियम, आणि जोड्या सगळ्यांच्या ठरलेल्या.

यंदा मात्र क्लबातल्या गेरलिंडेच्या नवऱ्याचा, म्हणजे तिच्या जोडीदाराचा, गुडघा धरला.

"पोल्डी, तू जा तिच्याबरोबर," वोल्फ्राम म्हणाला. "पण तिच्या गळ्यात पडू नकोस. आपलं आपण आवरायचं."

"माझी चेन मी लावतो."

"कशी लावतोस?"

"बघशीलच."

चेनच्या टोकाला दोरी, दोरी हुकाला, आणि आपण वाकून पुढे सरकायचं. घरी झकास जमत होतं. पण शनिवारी सरोवरावर भिंत कुठली? शेवटी क्लबच्या व्हॅनला मागे हुक दिसला. बाकीचे आपापल्या जोडीदाराकडे पाठ करून उभे होते, तेवढ्यात मी गुपचूप व्हॅनमागे दोरी बांधली आणि वाकलो. नेमका कुरणाचा मालक तणतणत आला, "माझ्या गवतात कोणी घातली ही गाडी?" आणि वोल्फ्रामने गाडी सुरू केली.

चेन लागली. एका झटक्यात, कधी नव्हे इतकी सुंदर लागली. पण गाडी काही थांबेना. मी उलट्या पावलांनी तिच्यामागे निघालो. ओरडलो असतो, पण मग सगळ्यांना कळलं असतं. म्हणून मी हसून हात हलवला. क्लबच्या मंडळींनीही हलवला.

"कुठे रे पोल्डी?"

"जरा पाय मोकळे करतो!"

गायी मागे पडल्या, खानावळीचा ओटा मागे पडला. ओट्यावरच्या एका आजीबाईंनी अदबीने नमस्कार केला, मीही मान लववली. गाडी थांबल्यावर पायाला बांधलेली सुरी काढून दोरी कापली आणि घामाघूम, पण ताठ मानेने परत आलो.

पाण्याखाली फार शांत होतं. थोड्या थोड्या वेळाने गेरलिंडे वळायची आणि बोटांचं कडं करून विचारायची, ठीक आहेस ना? जोडीदाराला विचारत राहायचं, अशी रीतच आहे. मीही कडं करून सांगायचो, ठीक आहे. दोन वर्षांत इतक्या वेळा मला कुणी विचारलं नव्हतं. खरं सांगतो, वर यावंसंच वाटेना.

वर आल्यावर सगळ्यांच्या चेनी उघडल्या. गेरलिंडेचा नवरा काठी टेकत आला आणि त्याने तिची उघडली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घरी सराव झाला की चेन उघडून द्यायची ती टपाल वाटणारी झिग्रिड. तिला मी मदतीत धरलंच नव्हतं. ती काय, टपाल घेऊन येतच असते.

"फीर, उघडून देते," गेरलिंडे म्हणाली.

वोल्फ्राम बघत होता. "राहू दे गं," मी म्हणालो, "छान ऊब आहे."

ऑगस्टचं, भर उन्हाळ्यातलं ऊन होतं. मी सूटमध्येच सूप प्यालो, सूटमध्येच गाडी चालवत घरी आलो आणि सूटमध्येच खुर्चीत बसून राहिलो. संध्याकाळी गेरलिंडेचा फोन आला.

"पुढच्या शनिवारी येशील ना? पण माझी चेन तुला लावावी लागेल हं. नवऱ्याला उभं राहवत नाही, आणि मला काही एकटीला जमत नाही बाबा."

"लावीन की."

"सूट वाळत टाकलास का?"

"केव्हाच," मी म्हणालो.

उद्या रविवार. टपाल येतं सोमवारी.