ठिपके मोजून कप्तान

माणूस म्हातारा होतो तो वयाने नव्हे, तपासणीने. जपानातल्या मिनासे गावात हे सत्य एमआरआयच्या नव्या चुंबकयंत्राबरोबर पोहोचलं. मेंदूतल्या केसाहून बारीक नळ्यांतून कधीकाळी झिरपलेला रक्ताचा थेंब हे यंत्र काळा ठिपका म्हणून दाखवतं. जुन्या यंत्राला गावभर मिळून मूठभर ठिपके दिसत. नवं तिप्पट ताकदीचं आलं आणि पंधरवड्यात गावाची प्रकृती तिप्पट खालावली. (यंत्राची प्रकृती उत्तम आहे.)

वृद्ध मंडळाच्या गेटबॉल संघाने तत्परतेने नियम केला: ज्याच्या डोक्यात सर्वांत कमी ठिपके, तो कप्तान. हातोडीने कुठला चेंडू कोणी कुठल्या कमानीतून टोलवायचा हे कप्तान सांगतो. असलं जोखमीचं काम डागी मेंदूवर कसं सोपवणार?

इनूझुका-सान कित्येक वर्षं कप्तान होते आणि प्रांताचा चषक यंदा अगदी हातातोंडाशी आला होता. त्यांचे ठिपके निघाले सात.

"या वयात सापडतातच," डॉक्टर म्हणाले. "मीठ कमी करा, रक्तदाब सांभाळा."

"पण कप्तानकी?"

"करा की. ठिपक्यांना गेटबॉलमधलं काय कळतं?"

हे मत मंडळाने विचारात घेतलं नाही. (डॉक्टर मंडळाचे सभासद नव्हते.)

घरी बायको योशिए मुळ्याचं लोणचं कापत होती. "अहो, माझे दोनच आलेत. म्हणजे ती छत्री तुम्हीच हरवलीत, आता सिद्धच झालं."

"बशी इकडे सरकव."

"सातवाल्यांना मीठ बंद."

संघात सर्वांत कमी ठिपके निघाले शिओमी-सान यांचे: शून्य. त्यांच्या छातीत हृदयाला ठोके देणारं यंत्र बसवलेलं, त्यामुळे चुंबकाच्या खोलीच्या दारातूनच त्यांना परत पाठवलं होतं. तपासणीत काही सापडलं नाही, एवढं मंडळाला पुरलं.

अंतिम सामन्यात शिओमी-सान यांनी समोरच्या संघाला अचूक सूचना दिल्या. त्या लोकांनी त्या कमरेत वाकून स्वीकारल्या आणि चषक जिंकला.

"अहो, तो त्यांचा संघ होता," इनूझुका-सान कळवळून म्हणाले.

"हो का? छान खेळतात हो पोरं," शिओमी-सान म्हणाले. (पोरांचं सरासरी वय एक्क्याऐंशी.)

मंडळाने रीतसर चौकशी केली. कप्तानाचा मेंदू निर्दोष असल्याने दोष मैदानाच्या उताराचा ठरला. शिओमी-सान तहहयात कप्तान झाले, आणि इनूझुका-सान बाकावर बसून अळणी भात खाऊ लागले.

वाचकहो, तुम्ही अजून त्या यंत्रात शिरला नसाल तर अभिनंदन. तुमचाही मेंदू शिओमी-सान यांच्याइतकाच स्वच्छ आहे, आणि पुरावाही तोच.